ओसाकाच्या पाट्यांवरचे चेहरे

हर्षाची आई गेली तेव्हा हर्षा ओसाकात होती. तिकीट मिळून, दोन ठिकाणी विमानं बदलून ती भिलाईला पोचली तोवर आम्ही शिवनाथ नदीवरून अस्थी विसर्जून परत आलो होतो. तेरवी आटोपली. परत जाताना ती दारात थांबून म्हणाली, "बाबा, आता तुमी या तिकडे. थोडे दिवस."

भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतला माझा फोटो स्टुडिओ मी लग्नसराईत सोडाच, एरवीही कधी आठवडाभर बंद ठेवलेला नव्हता. पण संध्याकाळी घरी आलं की कुलूप मलाच उघडावं लागायचं आणि आत दिवाही मलाच लावावा लागायचा. थंडी सरता सरता मी पासपोर्ट काढला. स्टुडिओची चाबी भाच्याकडे दिली, आंब्याच्या लोणच्याची बरणी आणि दोन किलो चिवडा बॅगेत भरला आणि रायपूरहून दिल्लीच्या विमानात बसलो.

ओसाकाचा विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे. खिडकीतून पाहिलं तर खाली करडं पाणी आणि वर करडं आभाळ, दोन्ही कुठं मिळतात ते कळत नव्हतं. तपासणीच्या टेबलावर माझी बॅग उघडली गेली. बरणीचं झाकण वाटेत कुठंतरी सुटलं होतं आणि तेल माझ्या एकुलत्या एका स्वेटरात मुरलं होतं. हातमोजे घातलेल्या तरुण अधिकाऱ्यानं तो स्वेटर दोन बोटांनी उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अचार." त्यानं मान लववली आणि स्वेटर घडी करून परत ठेवला.

हर्षा बाहेर उभी होती. वाळली होती. वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या खांद्याचं हाड माझ्या हाताला लागलं.

"जेवत नाई का तू?"

"जेवते ना बाबा. इथं सगळेच बारीक दिसतात."

तिची खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. एक पलंग, एक टेबल, त्यावर दोन संगणक. मला पलंग देऊन ती खाली फुतोन (जमिनीवर अंथरायची जाड गादी) टाकून झोपली. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही.

ती काय काम करते ते मला ढोबळ माहीत होतं. रायपूरला डिझाईन शिकली, मग जपानी भाषा, मग इथल्या एका छोट्या कंपनीत नोकरी. कंपनी कान्बान (दुकानांच्या पाट्या) बनवते. फोटो काढण्यापासून ते इमारतीवर पाटी चढवण्यापर्यंत सगळं. फोटोतला माणूस सुधारण्याचं काम हर्षाकडे. ते तिनं माझ्याच स्टुडिओत शिकलेलं. शाळेतून आली की माझ्या शेजारी बसून ती लग्नाच्या बायोडाट्यांतल्या मुलींच्या गालांवरचे डाग काढायची. कसली दुकानं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला मिनामीत घेऊन गेली. हा ओसाकाच्या दक्षिणेचा, खाण्यापिण्याचा आणि रात्रीच्या धंद्यांचा भाग. अजून पुरता अंधार पडला नव्हता. आम्ही कालव्यावरचा पूल ओलांडला, एका गल्लीत वळलो आणि एकामागून एक दिवे लागायला लागले. मी जागीच थांबलो. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले उंच चेहरे होते, आणि बहुतेक तरुण पुरुषांचे. राखाडी, सोनेरी, फिकट गुलाबी केस. मुलींसारखी नितळ कातडी. एकही जण हसत नव्हता.

"हे काय, सिनेमाचे नट आहेत?"

"नाई बाबा. होस्ट आहेत." ती सांगताना समोर पाहत होती. "बाया इथं येतात. पोरं त्यायच्या बाजूला बसतात, गोष्टी करतात, दारू ओततात. बाई परत परत आली पाहिजे, एवढंच काम."

मी आणखी काही विचारायच्या आत तिनं मला पाट्या दाखवायला सुरुवात केली. कामाचं बोलणं तिला सोपं जात होतं आणि मलाही ते ऐकणं सोपं जात होतं. कुठल्याच पाटीवर दारूचा ग्लास नव्हता, हे तिनं सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं. काय विकायला ठेवलंय ते दाखवायचं नाही, फक्त कोण वाट पाहत आहे ते दाखवायचं. पुरुषांची हनुवटी खाली आणि नजर वर. एक हात मानेपाशी किंवा जबड्याला टेकलेला, म्हणजे नुकताच झोपेतून उठून आपल्याचकडे वळला आहे असं वाटावं. बायकांच्या पाट्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांची उभं राहण्याची पद्धत वेगळी. एक खांदा पुढे, ओठ मिटून हसलेले, मान किंचित कललेली. बघणाऱ्याला आपण त्यांच्यापेक्षा मोठे आहोत असं वाटलं पाहिजे.

"अन् अक्षरं?" मी विचारलं.

"अक्षरायचंही असंच. नाव कांजीत, म्हणजे चिनी चित्रलिपीत लिहिलं का वजन येते, राजघराण्यातला वाटते. तेच गोल-गोल हिरागाना लिपीत लिहिलं का घरचं वाटते, जवळचं. इंग्रजी अक्षरं शोभेले." तिनं एका पाटीवरची ओळ वाचून दाखवली. "'आज फक्त तुझंच ऐकीन.' एवढंच लिहिलं आहे. काय ऐकनार, कोन ऐकनार, काई नाई."

काही पाट्यांवर मधल्याच शब्दांवर काळी पट्टी चिकटवलेली होती. अमुक जण पहिल्या क्रमांकाचा, तमुक जणाची कमाई एवढी, असल्या शब्दांवर अलीकडे बंदी आली म्हणे. आपला होस्ट पहिला यावा या नादात बायका कर्जात बुडत होत्या. शब्द झाकले गेले होते, चेहरे तसेच होते.

गल्लीच्या मध्यावर ती थांबली. "ही माझी."

पाटीवर एकच तरुण होता. काळा कोट, चंदेरी केस, डाव्या बाजूचे केस कानामागे सारलेले. डोळ्यांत पाणी आहे की नाही असं वाटायला लावणारी एक चमक. खाली एकच मोठं अक्षर होतं.

"रेन," हर्षा म्हणाली. "कमळ. खरं नाव नाई ते. इथं त्याले गेन्जिना म्हणतात, धंद्यातलं नाव. क्लबवाले देतात."

काम उत्तम होतं. गालाचा उजाळा कुठं संपतो ते मला शोधूनही सापडेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हात बसला तुहा." ती हसली नाही. म्हणाली, "आईले मी हे कधी दाखवलं नाई."

पुढचे दोन दिवस पावसाचे गेले. हर्षा सकाळी कामावर जायची आणि मी छत्री घेऊन भटकायचो. स्टेशनाखालच्या बाजारात चुकलो आणि बराच वेळ एकाच बुटांच्या दुकानापाशी परत परत येत राहिलो. गाड्यावर ताकोयाकी (पिठात ऑक्टोपसचा तुकडा घालून भाजलेले गोळे) घेतले. आपल्या आप्प्यांसारखे दिसतात म्हणून एक अख्खा तोंडात टाकला. आतलं पीठ उकळत होतं. जीभ अशी पोळली की दोन दिवस कशालाच चव लागली नाही. गाडेवाल्या बाईनं पाण्याचा पेला पुढे केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाय आपसूकच त्या गल्लीत वळले. दिवे बंद असले की त्या पाट्या ओळखू येत नाहीत. चेहरे फिकट, निळसर पडतात, उन्हापावसानं उडालेले कोपरे दिसतात, मागच्या लोखंडी चौकटी दिसतात. एक माणूस लांब काठीच्या ब्रशानं एका राजबिंड्या चेहऱ्यावरचा कावळ्याच्या विष्ठेचा डाग धूत होता. बाकी गल्ली रिकामी होती.

तिथंच मला ती बाई दिसली. साठीच्या आसपासची, जाड तपकिरी कोट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक फोटो. ती प्रत्येक पाटीपाशी थांबायची, फोटोकडे पाहायची, वर पाहायची आणि पुढे जायची. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं वाकून काहीतरी म्हटलं. मी हात हलवून भाषा येत नसल्याचं सांगितलं. तिनं कोटाच्या खिशातून फोन काढला, त्यात बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला. मी हिंदी निवडली. अक्षरं उमटली: "यह मेरा बेटा है। क्या आपने इसे देखा है?"

फोटो शाळेच्या गणवेशातला होता. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, बसकं नाक, बारीक डोळे, कपाळावर पुटकुळ्या. असले हजारो फोटो मी काढलेत. मी नाही म्हणायला मान हलवणार तेवढ्यात माझी नजर त्याच्या डाव्या कानावर गेली. कानाची वरची कड आत दुमडलेली होती, कागदाचा कोपरा मुडपावा तशी. रेनच्या पाटीवरचा डावा कानही असाच होता. फोटो सुधारणारा माणूस डोळे मोठे करतो, नाक उचलतो, हनुवटीला टोक आणतो. कानाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हर्षाचंही गेलं नव्हतं.

आणि ती बाई रेनच्या पाटीवरूनच पुढे आली होती. तिथंही ती तशीच थांबली असणार, फोटो पाहिला असणार आणि पुढे निघाली असणार.

मी फोनमध्ये बोललो, "आप कल भी आएंगी?" तिनं वाचलं आणि मान डोलावली. रोज दुपारी ती इथंच असते, असं तिच्या फोननं सांगितलं. तिचं नाव फुमिको, मुलाचं केन्ता. डोंगरातल्या कुठल्याशा गावाहून आली होती. मुलगा ओसाकात स्वयंपाक शिकायला म्हणून आला, मग फोन बंद झाला. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं की तो या गल्लीत पाटीवर आहे.

संध्याकाळी मी हर्षाला सगळं सांगितलं. ती भात वाढत होती. भाताचा चमचा तिनं भांड्यात तसाच ठेवला.

"तुमी तिले काई सांगितलं तर नाई ना?"

"नाई. तुले विचारल्याबिगर कसं सांगनार?"

"सांगू नका. बाबा, कंपनीत लिहून दिलं आहे मी. फोटोतला मानूस कोन, कुठला, एक शब्द बाहेर काढता येत नाई. नोकरी जाईल. व्हिसा नोकरीवर आहे."

"मी कुठं म्हनून राहिलो का सांग म्हनून?"

"तुमी म्हनत नाई, पन तुमचा चेहरा म्हनते."

जेवण झालं. मी ताटली धुवायला उठलो तर तिनं ती हातातून काढून घेतली. नळाखाली हात धरून, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं का?"

हा प्रश्न तिनं भिलाईत विचारला नव्हता. मी खोटं बोललो असतो तर तिला कळलं असतं.

"घेतलं होतं," मी म्हणालो. "विचारत होती, हर्षा आली का? मी म्हटलं, येऊन राहिली. दोनदा विचारलं तिनं."

नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन आली. आम्ही मिनामीत गेलो. फुमिको-सान (सान म्हणजे आपलं जी) गल्लीच्या तोंडाशीच होत्या. हर्षा वाकली, त्याही वाकल्या. हर्षा हळूहळू, मध्ये थांबत बोलली. मला त्यातलं एकच नाव कळत होतं. मग ती त्यांना घेऊन पाटीखाली गेली आणि वर बोट दाखवलं.

फुमिको-सान मान वर करून पाहत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि अगदी सभ्यपणे काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हनते?"

"म्हनते, तुमची काहीतरी चूक होते. हा माझा पोरगा नाई. एवढा सुंदर तो नव्हता."

हर्षानं कानाबद्दल सांगितलं. त्यांनी पुन्हा वर पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मला वाटलं आता ओळखतील. पण त्यांनी पुन्हा मान हलवली. या वेळी जरा घाईनं, जणू त्यांना तिथून निघायचं होतं.

तेव्हा हर्षानं स्वतःचा फोन काढला. त्यात तो मूळ फोटो होता, काहीही न सुधारलेला. सकाळी तिनं तो कंपनीच्या संगणकातून घेतला होता. मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तेच चंदेरी केस, तोच काळा कोट, पण डोळे बारीक आणि त्यांच्याखाली काळं. ओठाचा कोपरा फाटलेला. हनुवटीवर पुटकुळ्या आणि त्यांवर थापलेला रंग.

फुमिको-सान यांनी त्याच्या गालाला बोट लावलं. बोट लागताच फोटो एकदम मोठा झाला, सगळ्या पडद्यावर नुसता गालच आला, आणि त्या दचकून मागे सरकल्या. हर्षानं तो परत लहान करून दिला. मग त्या फोन दोन्ही हातांत धरून, त्याला न शिवता, पाहत राहिल्या.

त्यांनी एक प्रश्न विचारला. हर्षानं उत्तर दिलं आणि तोंड फिरवलं.

"विचारते, फोटो काढला त्या दिवशी तो जेवला होता का?" हर्षानं मला नंतर सांगितलं. "मी म्हटलं, स्टुडिओत भाताचे गोळे ठेवले होते, त्यानं दोन खाल्ले. खरंच खाल्ले होते, बाबा. मीच दिले होते."

क्लब वरच्या मजल्यावर होता. दार अजून उघडलं नव्हतं, पण जिन्यात एक माणूस बाटल्यांचे खोके मोजत होता. हर्षानं विचारलं. त्यानं आधी मोजणं चालूच ठेवलं. फुमिको-सान यांना पाहिल्यावर त्यानं तोंडातली सिगारेट काढली. केन्ता तिथं नव्हता. बऱ्याच दिवसांपूर्वी एका संध्याकाळी तो आलाच नाही, खोलीवरही नव्हता. कुणी म्हणतं दुसऱ्या शहरात गेला, कुणी काही म्हणतं. पाटीची मुदत संपली नव्हती म्हणून ती तशीच ठेवली. आणि अजूनही बायका पाटी पाहून येतात, त्याला विचारतात. मग त्यांना दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसवतात.

म्हणजे इतके दिवस ती माऊली ज्याला त्या गल्लीत शोधत होती तो तिथं नव्हताच, आणि जो होता तो तिला ओळखू येत नव्हता.

आम्ही त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं. वाटेत एका दुकानात गरम उदोन (जाड शेवयांचं सूप) घेतलं. त्यांनी आपल्या वाटीतलं तळलेलं वांगं उचलून माझ्या वाटीत टाकलं. हर्षानं त्यांना पोलिसांकडे जायचं ठिकाण कागदावर लिहून दिलं, आणि तो न सुधारलेला फोटो त्यांच्या फोनवर पाठवला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझी नजर टाळली. गाडी आली. फुमिको-सान दारात उभं राहून वाकल्या आणि दार बंद होऊन गाडी हलेपर्यंत वाकूनच राहिल्या.

कंपनीत कुणाला काही कळलं नाही. मी निघेपर्यंत हर्षा रोज घाबरत कामाला जात होती. विमानतळावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येते बाबा, आईच्या श्राद्धाले." मी म्हटलं, "पाहू. सुटी भेटली तर ये." आत जाऊन मागे पाहिलं तर ती अजून तिथंच होती, आणि काचेपलीकडून तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

भिलाईत आल्यावर लोक विचारतात, जपान कसा वाटला. मी गाड्या वेळेवर येतात ते सांगतो, रस्ते स्वच्छ आहेत ते सांगतो. सुपेल्याच्या चौकात मात्र आता मला मान खाली घालून जावं लागतं. तिथं फलकांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारे पुढारी आहेत, कोचिंगवाल्यांच्या पाट्यांवरची हसरी पोरं आहेत. सगळे गोरे, सगळे नितळ. त्यातले निम्मे माझ्याच स्टुडिओतून गेलेत. कुणी असं करून द्या म्हटलं की मी करून द्यायचो. त्यात वावगं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटतं असं नाही. फक्त आता फोटो सुधारताना मला मध्येच थांबावं लागतं आणि मूळ फोटो पुन्हा उघडून पाहावा लागतो.

फुमिको-सान यांचा मुलगा अजून सापडलेला नाही. हर्षाला त्या अधूनमधून निरोप पाठवतात, हवापाण्याचे.

परवा सकाळी मी स्टुडिओ उघडत असताना हर्षाचा फोन आला. रेनची पाटी उतरवली, म्हणाली. तिथं आता दुसरा लागला आहे आणि त्याचंही काम तिनंच केलं.

"किती वर्साचा आहे?"

"वीस. मी त्याले विचारलं, घरी माहीत आहे का म्हनून."

"असं विचारता येते का?"

"नाई येत. पन विचारलं."

"मंग?"

"म्हने, मले एवढं बदलून टाका का माह्या आईनं पाहिलं तरी ओळखलं नाई पाहिजे."

मी शटर अर्ध्यावर धरून उभा राहिलो. "अन् तू?"

"केलं बाबा," ती म्हणाली. "कामच आहे ना ते माझं."

फोन कुणीच ठेवला नाही. तिच्याकडे पाऊस पडत होता. बराच वेळ मी तो ऐकत राहिलो.